शेळी खाणार नाही असं रोप

"रजनी, हा सगळा मोगराच आहे का गं?"

शिरवळकर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या पुढ्यातल्या काड्या उचलल्या. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांवर रोपांची नावं लिहायचं काम त्यांनी मला दिलं होतं. एका काडीवर एक नाव लिहायचं आणि ती काडी पिशवीतल्या मातीत खोचायची. मी खाली बघितलं. साठ-सत्तर काड्या लिहून झाल्या असतील. सगळ्यांवर मी 'मोगरा' लिहिलं होतं. समोर सदाफुली होती, अबोली होती, ओवा होता, गवती चहा होता. मोगऱ्याची रोपं होती वीस, तीही व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला.

"चुकलंच," मी म्हणाले.

"असू दे. मागची बाजू कोरी आहे." बाईंनी सगळ्या काड्या उलट्या करून माझ्यापुढे ठेवल्या. "आता सदाफुली लिही. तीस."

मी सदाफुली लिहायला लागले.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा साताऱ्याला, सरकारी नोकरदारांच्या एका कॉलनीत भाड्यानं राहत होतो. आमचे हे, उत्तम घोरपडे, पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. शिरवळकर बाई आमच्या घरमालकीण, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. कॉलनीतल्या बायकांचं मंडळ त्याच चालवायच्या. दरवर्षी पाडव्याच्या आदल्या रविवारी मंडळ काहीतरी विकून एखाद्या चांगल्या कामाला मदत करायचं. आधीच्या वर्षी पापड-कुरडया होत्या. त्या वर्षी बाईंनी रोपं ठरवली. फेब्रुवारीपासून कॉलनीत घरोघरी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत पडल्या, कुणी फांद्या कापून लावल्या, कुणी बिया टाकल्या. बाकीची रोपं कोरेगाव रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून येणार होती.

बाईंनी मला त्यात ओढलं, ते एका सकाळी दार वाजवून. "घरात बसून काय करतेस? माझ्याकडे माती चाळायला माणूस नाही," एवढंच म्हणाल्या. मी चपला घातल्या आणि गेले. तेव्हा मला कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी चपला घालून गेले असते.

डिसेंबरात माझी मुलगी गेली होती. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते. साडेसात महिने झाले आणि एका पहाटे मला झटके आले. त्यापुढचे तीन दिवस मला आठवत नाहीत. शुद्धीवर आले तेव्हा पोटाला टाके होते आणि पोट रिकामं होतं. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "मुलगी होती. नऊ तास होती. देवानं तुला ठेवलं, तेवढं बघ." मग माझ्या छातीला घट्ट फडकं बांधलं, दूध आटावं म्हणून. ज्यानं त्यानं मला एकच सांगितलं, आता तो विषय काढायचा नाही. आणि खरंच कुणी काढला नाही. घरी आले तर पाळण्यासाठी छताला ठोकलेली कडीसुद्धा काढून तिथं चुना लावलेला होता.

यांनीही विषय काढला नाही. ऑफिसला जायचे, यायचे, जेवायचे, बातम्या ऐकायचे. आणि दर रविवारी सकाळी साइटवर जातो म्हणून स्कूटर काढायचे ते तीन-चार तासांनी परत यायचे. आधी रविवारी कधी साइट नसायची. मी काही विचारलं नाही. मनाशी म्हटलं, यांना घरात माझं तोंड बघवत नाही.

राग यायला हवा होता, तोही येत नव्हता. भांडी घासताना पाणी गरम आहे की गार हेसुद्धा मला कळत नसे. एकदा हात भाजला तो फोड आल्यावर दिसला. रडू तर एकदाही आलं नव्हतं. शेजारच्या नसीमभाभी, म्हणजे मुल्ला मास्तरांची बायको, माझ्याजवळ येऊन स्वतःच रडून जायच्या आणि मी त्यांना पाणी द्यायचे.

पण एक मी ठरवलं होतं. चिपळूणला दादाला पत्र टाकलं होतं की पाडव्याला येते. परत यायचं नाही हे पत्रात लिहिलं नव्हतं, पण माझ्यापुरतं ते पक्कं होतं. सोमवारची सकाळची एसटी. बॅग भरून पलंगाखाली सरकवून ठेवली होती. तीत पावसाळ्यात लागणाऱ्या साड्याही घातल्या होत्या. रविवारी बाईंचं काम उरकायचं आणि सोमवारी जायचं. ज्या माणसाला आपली मुलगी जाऊन काही झालं नाही, त्याच्याबरोबर राहायचं तरी कशाला, असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे गणित सोडवल्यासारखं उत्तर आलं होतं, इतकंच.

रविवारी सकाळी सातलाच बाईंच्या अंगणात गडबड सुरू झाली. फळ्या टाकून टेबलं केली होती. रोपवाटिकेचा टेम्पो आला. त्याच्याबरोबर फडतरे तात्या आले, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला मळकं मुंडासं. रोपवाटिकेत त्यांची हयात गेली होती. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. ते प्रत्येक रोप खाली उतरवताना त्याच्याशी काहीतरी पुटपुटायचे.

नसीमभाभी आणि मी कापडी फलक बांधायला घेतला. तो रंगाऱ्याकडून आदल्या संध्याकाळी आला होता आणि बाईंनी तो घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवला होता. भाभींनी एक टोक पेरूच्या झाडाला बांधलं, मी दुसरं फाटकाला. फलक उलगडला. मी मागं सरून वाचला. 'रोपांची विक्री. सर्व मदत नवजात अर्भक विभागास.'

 अंगणात सात-आठ बायका होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या. भाभींच्या हातातून सुतळीचा गुंडा खाली पडला.

बाई पुढं आल्या. आयुष्यभर शाळा चालवलेली बाई, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. "रजनी, हे दिवाळीच्या आधीच ठरलं होतं. सरकारी दवाखान्यात बाळांना ऊब द्यायची पेटी एकच आहे, म्हणून. मग तुझं असं झालं. बदलावं असं मला दहादा वाटलं. तुला आधी सांगायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही."

मी फलकाकडे पाहिलं. रंगाऱ्यानं 'नवजात'मधला 'ज' जरा मोठा काढला होता.

"डावीकडची दोरी ढिली आहे," मी म्हणाले. "भाभी, जरा ओढा."

भाभींनी ओढली. बाई अजून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी काड्यांचा डबा उचलून टेबलापाशी गेले.

नऊपासून लोक यायला लागले. पाडवा तोंडावर, त्यामुळे गर्दी चांगली झाली. तुळस, मोगरा, कढीपत्ता भराभर संपत होते. मला बसायला खुर्ची दिली होती आणि काम दिलं होतं ते रोपं वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचं. ते मला बरं जमत होतं. पिशवीच्या बुडाशी कागद धरायचा, दोन वेढे, वर पीळ.

अकराच्या सुमाराला एक तरुण बाई आली. ओळखीची नव्हती. कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ होतं आणि तिला दोन कुंड्या उचलून बघायच्या होत्या. "ताई, जरा धरता का याला?" असं म्हणून, मी हो म्हणायच्या आत तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती वळली.

माझ्या शेजारची बाई 'अगं' म्हणाली. पलीकडच्या टेबलावरून नसीमभाभी धावत आल्या, पण अर्ध्यात थांबल्या. मी बाळाला धरलं होतं. बाळ जड होतं. त्याच्या डोक्याला तेलाचा वास येत होता. त्यानं टेबलावरची एक काडी उचलली आणि ती तोंडाकडे नेली. मी ती काढून घेतली. त्यानं दुसरी उचलली. मी तीही काढून घेतली. मला वाटलं, आता काहीतरी होईल आपल्याला. मी वाट बघितली. काहीच झालं नाही. त्या बाईनं दोन जास्वंदी निवडल्या, बाळ घेतलं आणि गेली. माझ्या साडीवर मांडीपाशी लाळेचा ओला डाग राहिला. तो वाळेपर्यंत मी कागद गुंडाळत राहिले.

भाभी म्हणाल्या, "रजनी, जरा घरात पडते का? मी बघते हिकडचं."

"नको. कशाला?" मी म्हणाले.

हे त्या दिवशीही सकाळीच साइटवर म्हणून निघून गेले होते. जाताना मला म्हणाले, "आज तुझं ते रोपांचं आहे ना? जमलं तर येतो." मी 'हूं' म्हटलं. ते कधी अशा ठिकाणी येत नसत. दुपारी मी घरी जाऊन दोन घास खाल्ले तरी ते आलेले नव्हते. ताट झाकून ठेवलं आणि परत आले.

चारनंतर ऊन उतरायला लागलं. टेबलं बहुतेक रिकामी झाली होती. बाई आत जरा पाठ टेकायला गेल्या होत्या. मी, भाभी आणि फडतरे तात्या, एवढेच अंगणात होतो. तात्या पेरूच्या बुंध्याला टेकून तंबाखू मळत बसले होते. एक गृहस्थ उशिरानं आले आणि काय उरलंय ते बघायला लागले. पायरीच्या मागं एक हातभर उंच, चांगलं टवटवीत रोप एकटंच ठेवलेलं होतं. त्यांनी ते दाखवलं. मी उचलायला गेले.

"ती नगं वैनी," तात्या म्हणाले. "ती पांढरी कण्हेर द्यायची न्हाई. सांगून ठेवल्याली हाय."

ते गृहस्थ दुसरं रोप घेऊन गेले. मी सहज विचारलं, विचारायचं म्हणून. "कुणी सांगून ठेवलीय?"

"हायत एक सायेब. पाटबंधाऱ्यातलं. घोरपडे सायेब." तात्यांनी तंबाखू दाढेखाली धरली. "सकाळच्याला रोपवाटिकेत आलं हुतं. म्या टेम्पोच्या गडबडीत. म्हनलं, आज समदं तिकडं इकायला चाललंय, सांजच्याला तिथंच या. म्हनले, बरंच झालं, तिथनंच घेतो."

तात्यांना मी कोण हे माहीत नव्हतं.  आमच्या घराला स्वतःचं अंगण नव्हतं. आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो आणि गॅलरीत एक तुळस होती.

"लई येत्यात व्हय ते?" भाभींनी विचारलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"दर दोन-तीन आठवड्याला. हे चौथं रोप त्यांचं. पयल्या येळंला तगर नेली. शेळीनं खाल्ली. मग प्राजक्त नेला, त्यो पान्याबिगर वाळला. मग चाफा दिला, तर त्यो कुनी उपटून नेला. म्या इचारलं, सायेब, बंगला बांधलाय का कुठं? तर न्हाई म्हनले. म्हनले, लेक हाय माजी तिथं."

तात्या उठले. तंबाखूची पिंक लांब टाकून आले. परत बसले.

"म्या आपलं येड्यावानी बोललो. मला वाटलं लेकीच्या सासरला लावायचं असंल. म्हनलं, मग लेकीला सांगा की, सांज-सकाळ तांब्याभर पानी घाल म्हनावं. तर सायेब उगी हुभं ऱ्हायले. लई येळ. आन मग म्हनले, तात्या, ती ल्हान हाय अजून. तिला न्हाई जमायचं."

भाभींनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"मग उमगलं मला," तात्या म्हणाले. "मग म्या काय इचारलं न्हाई. ह्या डावाला सांगितलं, कण्हेर न्या. तिला जनावर तोंड लावत न्हाई. आठ दिसानं पानी मिळालं तरी तगून ऱ्हाती. खरं म्हंजी ह्या उन्हाळ्यात लावूच नगं, पावसाळ्यात लावा म्हनलं, पर त्यास्नी दम न्हाई."

"कुठं?" मी विचारलं. "कुठं लावतात ते?"

"नदीकडंला. बारक्या पोरांची जागा हाय न्हवं का माहुलीच्या अंगाला, तिथं." आणि मग तात्यांनी भाभींच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ते हळूहळू उठून उभे राहिले. मुंडासं डोक्यावरून काढून हातात घेतलं. 

मी जाऊन कण्हेरीचं रोप उचललं. ते जड होतं, डब्यात लावलेलं. मी ते पोटाशी धरून फाटकापाशी उभी राहिले. भाभी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, मग काढला.

पाचच्या आसपास स्कूटर आली. पुढं पाय ठेवतात तिथं पाण्याचा पाच लिटरचा कॅन होता, आणि कॅनशेजारी खुरपं. आमच्या घरात खुरपं आहे हे मला ठाऊक नव्हतं. यांनी मला बघितलं, माझ्या हातातलं रोप बघितलं. स्कूटर बंद करायचं विसरून तसेच बसून राहिले.

"कुणी सांगितलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तात्यांनी. त्यांना माहीत नव्हतं मी कोण ते."

"रजनी, मी..."

"मला घेऊन चला."

"आत्ता? तू दमलीयस. आणि आईनं मला शपथ घातलीय. डॉक्टरही म्हणाले होते, तिला तिकडं नेऊ नका, तिची प्रकृती..."

"अहो," मी म्हणाले, "मला घेऊन चला."

फलकाखाली बाई येऊन उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. त्या म्हणाल्या, "घोरपडे, घेऊन जा तिला." मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या.

मी मागं बसले. रोप आमच्या दोघांच्या मध्ये होतं. डब्याची कड माझ्या टाक्यांच्या जागेवर दाबत होती, आणि ते दाबतंय हे मला कळत होतं. हे हळू चालवत होते. 

नदीच्या अलीकडे, मोठी झाडं आहेत तिथं त्यांनी स्कूटर लावली. तिथं काही नव्हतं. म्हणजे मला वाटलं होतं काहीतरी असेल, दगड, कट्टा, काहीतरी. नुसती उंचसखल जमीन, वाळलं गवत, ठिकठिकाणी लहान लहान उंचवटे. काहींवर दोन-चार गोटे, एकावर प्लास्टिकचा खुळखुळा. लांबवर शेळ्या चरत होत्या.

हे एका पडक्या विहिरीच्या कोपऱ्याशी गेले. तिथून पावलं टाकायला लागले, मोजत. सतरा पावलं. मग काटकोनात वळले आणि सहा पावलं. थांबले.

"इथं," म्हणाले. "वर खूण ठेवली की राहत नाही. म्हणून मोजून ठेवलं. वहीत नकाशा आहे."

मी तिथं उभी राहिले. वाळलेल्या प्राजक्ताची काटकी अजून मातीत उभी होती.

"साइटवर जातो म्हणून सांगत होता," मी म्हणाले.

"दुसरं काय सांगणार होतो? आधी तू बरी नव्हतीस. मग बरी झालीस, पण तू काही विचारेचनास. मला वाटलं, हिला नको आहे ते. मग दिवस गेले आणि कसं सांगायचं तेच कळेना." ते खाली बसले आणि खुरप्यानं माती उकरायला लागले. जमीन दगडासारखी झाली होती. चार बोटं उकरून होईना. मी त्यांच्या हातातून कॅन घेतला, थोडं पाणी ओतलं आणि म्हटलं, "मुरू दे आधी. मग उकरा." महिनाभर माती चाळली होती, एवढं मला कळत होतं.

आम्ही दोघांनी मिळून ते रोप लावलं. मी डब्यातून मुळं मोकळी केली, त्यांनी माती ओढली. ती कण्हेर जगली. पावसाळा येईपर्यंत आम्ही दर रविवारी, आणि वैशाखात तर आठवड्यातून तीनदा, स्कूटरवरून पाणी नेलं. पुढं यांची बदली झाली, आम्ही सोलापूरला गेलो, तिथं आमचा मुलगा झाला, आता तो कामाला लागलाय. सोमवारच्या एसटीनं मी गेले नाही. दादाला पत्र टाकलं की मंडळाच्या कामामुळे जमलं नाही. तो खरंही मानून बसला. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी रोप लावून झाल्यावर आम्ही तसेच मातीत बसून राहिलो. शेळ्या घेऊन एक म्हातारी गेली, तिनं आमच्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, "कशी होती?"

यांनी रोपाच्या बुडाशी माती दाबली.

"लहान होती," मग म्हणाले. "फार लहान."

"केस होते?"

"होते की. भरपूर. काळेभोर. कपाळाला चिकटले होते."

"रंग?"

"तांबूस. जरा निळसर झाली नंतर. हनुवटी तुझी होती. नर्ससुद्धा म्हणाली, आईवर गेलीय."

"रडली?"

"एकदा. अगदी बारीक आवाज. मी बाहेर होतो, मला वाटलं मांजराचं पिल्लू आहे कुठंतरी. मग नाही रडली."

"तुम्ही घेतलंत तिला?"

"शेवटी घेतलं. नळ्या काढल्या तेव्हा. नर्स म्हणाली, घ्या, घ्यायची असेल तर. आई म्हणत होती, घेऊ नकोस, जीव लागेल. पण मी घेतलं. जिन्याच्या पायरीवर बसलो होतो तासभर तिला घेऊन. तू वर होतीस, सलाईन लावलेली. मी तिला म्हणालो, आई वर आहे." त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. "एक कान दुमडलेला होता तिचा. वरची कड आत वळलेली. मी बोटानं सरळ करायचो, परत वळायचा. सरळ करायचो, परत वळायचा."

"कुठला कान?" मी विचारलं.

ते थबकले. आठवेना त्यांना. त्यांच्या तोंडावर अशी भीती दिसली, की आता हेही हातचं गेलं तर काय. त्यांनी माती लागलेले हात विजारीला पुसले. मग डावं कोपर वाकवून छातीशी घेतलं, उजवा तळवा त्याखाली धरला आणि मान वाकवून त्या रिकाम्या हातांत बघायला लागले. खूप वेळ बघत राहिले. उजव्या हाताचं एक बोट सुटं करून त्यांनी कोपराच्या खळगीशी नेलं आणि हलकेच काहीतरी सरळ केलं.

"डावा," ते म्हणाले.

माझ्या तोंडातून आवाज फुटला तो मला माझा वाटला नाही. मी गुडघ्यांवर सरकत त्यांच्यासमोर गेले आणि माझे दोन्ही हात त्यांच्या हातांखाली धरले.

"द्या," मी म्हणाले. "द्या इकडं."